भूप, पुढे प्रश्नचिन्ह

कॉलेजच्या रेडिओवर मी दोन वर्षं शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम करायचो, हे कोणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्याकडे नीट बघतो. मग विचारतो, गातोस का? नाही. काही वाजवतोस? नाही. मग घरात कोणी असेल. घरातही कोणी नाही. आमचं घर कळव्याचं, मूळचं तिथलंच. आजोबा मिठागरावर कामाला होते. वडिलांनी जागा बिल्डरला दिली आणि आता आमच्याच शेताच्या जागेवर आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे गाणं म्हणजे हळदीला धवलारीण बाई म्हणते ते धवले, म्हणजे लग्नाची गाणी, आणि वरातीतला बेंजो. तानपुरा मी पहिल्यांदा जवळून बघितला तेव्हा मला तो एवढा मोठा असेल असं वाटलंच नव्हतं.

झालं असं की मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. लायब्ररीच्या बाहेर रेडिओचा कागद लागलेला. डावीकडे कार्यक्रमांची नावं आणि उजवीकडे आपलं नाव लिहायला रिकामी जागा. मुलाखती, आरोग्य, नोकरीविषयक अशी बरीच नावं आधीच भरलेली. एका ओळीवर नुसतं ‘शास्त्रीय’ लिहिलेलं आणि पुढे कोणाचंच नाव नव्हतं. मी विज्ञानाचा विद्यार्थी. मला वाटलं, विज्ञानाचा कार्यक्रम असेल. मी सही करून वर्गात गेलो.

आठ दिवसांनी रेडिओ बघणाऱ्या मॅडमनी बोलावलं. त्या मराठी शिकवायच्या. तू शास्त्रीय घेतलंस ते फार बरं झालं, म्हणाल्या, यंदा कोणी घ्यायलाच तयार नव्हतं. मी खूश झालो आणि पहिल्या भागात खाडीच्या पाण्यापासून मीठ कसं बनतं ते घेऊ का, असं विचारलं. मॅडम हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मग त्यांनी कपाटातून एक फाइल काढून माझ्या हातात दिली. वर लिहिलं होतं, ‘राग व त्यांच्या वेळा’.

तेव्हाच सांगायला हवं होतं. का नाही सांगितलं ते मला अजून नक्की सांगता येत नाही. मॅडमना वाईट वाटेल असं वाटलं. शिवाय आईने तोपर्यंत दोन्ही मावशांना फोन करून कळवलेलं की पोरगा रेडिओवर येणार. मी फाइल घेतली आणि घरी आलो.

रेडिओची खोली म्हणजे लायब्ररीच्या मागचं जुनं गोडाऊन. भिंतींना राखाडी फोम चिकटवलेला, मध्ये काच, आणि एक पंखा, जो माइक चालू असताना बंद करावा लागे. आमचं प्रसारण नौपाडा, टेंभी नाका, इकडे कळव्यापर्यंत नीट ऐकू यायचं. त्यापलीकडच्यांना मोबाइलवर ऐकायची सोय होती. दर गुरुवारी सकाळी आठ वाजता, अर्धा तास. कॉलेजच्या जुन्या समारंभांची रेकॉर्डिंग आणि लोकांनी दिलेल्या घरगुती कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवून ठेवलेल्या. माझ्या आधी कार्यक्रम करणाऱ्या मुलीने प्रत्येक रागाची एक चिठ्ठी करून ठेवली होती. कुठले स्वर, कुठली वेळ, कुठला रस. मी चिठ्ठी वाचायचो, गाणं लावायचो, शेवटी आभार मानायचो. बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘भक्ती आणि शांत रस’ असंच असायचं. एखाद्या चिठ्ठीवर शृंगारही असायचा. ऐकताना मला दोन्हींतला फरक कळायचा नाही.

त्यात माझी भाषा. आमच्याकडे ळ आणि ण फारसे नाहीत. मी ‘रागाची ओलख’ म्हणायचो. मॅडम काचेपलीकडून जीभ मागे वळवून दाखवायच्या आणि मी आणखी गडबडायचो. घरी आजी मोबाइलवर कार्यक्रम ऐकायची आणि संध्याकाळी विचारायची, “तो मानूस एवरा का आरडत होता रं?”

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी कार्यक्रम संपल्यावर मॅडमच्या केबिनमधला फोन वाजला. नौपाड्यातून एक गृहस्थ बोलत होते. अत्यंत स्वच्छ मराठी. त्यांनी आधी माझं अभिनंदन केलं, मग माझ्या पाच चुका सांगितल्या. क्रमाने, न चिडता. शेवटी विचारलं, तुम्ही कुठले? मी कळव्याचा म्हणालो. कळव्याचे म्हणजे मूळचे? मूळचेच, मी म्हटलं. मग ते म्हणाले, बरं, पुढच्या गुरुवारी ऐकतो.

आणि ते ऐकायचे. दर गुरुवारी साडेआठला फोन. पुढे एकदा ते स्वतःच कॉलेजात आले. उंच, किंचित वाकलेले, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत तीसेक कॅसेटी होत्या. घरचा प्लेअर बिघडला होता आणि दुरुस्त करणारा आता मिळत नव्हता. कपाटावर पडून होत्या, सगळ्या बघितल्याही नाहीत, तुम्हाला उपयोग होईल, असं म्हणून त्यांनी पिशवी मॅडमच्या टेबलावर ठेवली. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. पत्नी वारली होती, मुलगा परदेशात. मला म्हणाले, शनिवारी दुपारी येत जा, थोडं कानावर पडू दे. तेव्हापासून ते मला तू म्हणायला लागले आणि मी त्यांना काका.

काकांचं घर म्हणजे नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीतल्या दोन खोल्या. मला ते खुर्चीवर बसवायचे आणि स्वतः पलंगावर मांडी घालून बसायचे. मोबाइलवर काही लावायचे आणि मध्येच थांबवून विचारायचे, काय बदललं आत्ता? मी म्हणायचो, आवाज वाढला. ते डोळे मिटायचे. स्वतः कधी गुणगुणले नाहीत. दाखवायचं असलं तरी बोटाने हवेत वरखाली करून दाखवायचे. मी एकदा विचारलं, काका, तुम्ही गाता का? ते म्हणाले, मी ऐकतो.

माझा सगळ्यात मोठा घोळ झाला भूप आणि देशकार या दोन रागांत. एका गुरुवारी मी सकाळी भूप लावला. काकांचा फोन आला, भूप संध्याकाळचा, सकाळी लावायचा नाही. शनिवारी मी चिठ्ठ्या घेऊन गेलो. भूपात पाच स्वर होते. देशकारात तेच पाच स्वर. मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून त्यांना दाखवल्या आणि म्हटलं, यात काहीतरी चूक झालीय. चूक नाही, ते म्हणाले. स्वर तेच आहेत, पण भूप गंधारावर थांबतो आणि देशकार धैवतावर. एकाच घरात दोन भाऊ राहतात, दोघांची बसायची जागा वेगळी, असं समज. मी म्हटलं, मग एखादा भाऊ चुकून दुसऱ्याच्या जागेवर बसला तर? काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि उठून चहा टाकायला गेले. परत आल्यावर त्यांनी दुसराच विषय काढला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी त्यांच्या पिशवीतल्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायला बसलो. बहुतेकांवर काकांच्या अक्षरात गायकाचं नाव आणि राग लिहिलेला, ड्राफ्ट्समनचं एकसारखं अक्षर. एका कॅसेटवर मात्र वेगळ्या, गोल अक्षरात एकच शब्द होता, भूप, आणि पुढे प्रश्नचिन्ह. गाणाऱ्याचं नाव नव्हतं. आत एका पुरुषाचा आवाज, तरुण, थोडा घाबरल्यासारखा पण मला आवडला. का आवडला ते सांगता यायचं नाही. चौदा मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं.

त्या गुरुवारी मला वेळेवर दुसरं काही मिळालं नाही, म्हणून मी तेच लावायचं ठरवलं. आता घोषणा काय करायची? मी माझ्या परीने विचार केला. स्वर तेच. सकाळी भूप चालत नाही, हे काकांनीच सांगितलेलं. कॅसेट लिहिणाऱ्यालाही खात्री नव्हती, नाहीतर प्रश्नचिन्ह कशाला काढेल? मी माइक चालू केला, पंखा बंद केला आणि सांगितलं, “सादर आहे राग देशकार. गायक अज्ञात.”

अकरा मिनिटं गाणं झालं. मग गाणारा एका स्वरावर थांबला. तबला चालू राहिला. गाणारा पुन्हा सुरू झाला, एक ओळ अर्धीच म्हणाला आणि परत थांबला. नंतर नुसता तबला, एकटाच, बराच वेळ. मग तोही थांबला. कोणीतरी खोकलं, खुर्च्या सरकल्या, आणि कॅसेट संपली. काचेपलीकडे मॅडम त्या दिवशी नव्हत्या. मला वाटलं, शेवट असाच असतो. चिठ्ठ्यांत कितीतरी गोष्टी मला न कळणाऱ्या होत्या, त्यातलीच ही एक. मी सगळं शेवटच्या सेकंदापर्यंत जाऊ दिलं आणि म्हटलं, “आत्ता आपण ऐकलात राग देशकार.”

साडेआठला काकांचा फोन आला नाही. पावणेनऊला मी स्वतः लावला, तो त्यांनी उचलला नाही. शनिवारी घरी गेलो तर दाराला आतून कडी होती आणि आतून आवाज आला, आज बरं नाही, नंतर ये. मी जिन्यात थोडा वेळ उभा राहिलो. मी काय केलं असावं ते मला समजेना. सकाळी भूप लावू नको म्हणाले, मी लावला नाही. त्यांच्याच कॅसेटीतलं होतं. मग?

सोमवारी मॅडमनी मला एक नंबर दिला. डोंबिवलीच्या एका बाईंचा होता, त्यांनी मोबाइलवर कार्यक्रम ऐकलेला आणि तीनदा फोन केला होता. मी लावला. त्या म्हणाल्या, तुम्ही लावलात तो देशकार नव्हता, भूप होता, आणि मी हे खात्रीने सांगू शकते कारण मी तिथे होते. मग त्यांनी विचारलं, ही कॅसेट तुमच्याकडे कुठून आली? फोनवर बोलण्यासारखं नव्हतं बहुधा. रविवारी घरी या म्हणाल्या.

बाईंचा गाण्याचा क्लास होता. स्टेशनपासून दहा मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर. मी गेलो तेव्हा सात-आठ मुली सतरंजीवर बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी वाजत होती. बाई साठीच्या जवळच्या, चष्मा दोरीला लावून गळ्यात घातलेला. मुलींना सोडून त्या माझ्यासमोर बसल्या आणि काही विचारायच्या आतच सांगायला लागल्या.

चाळीसेक वर्षांपूर्वी डोंबिवलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये गाणं होतं. एका मोठ्या गुरुजींच्या शिष्याचं पहिलंच जाहीर गाणं. बाई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या, त्याच गुरुजींकडे नुकत्याच शिकायला लागलेल्या. त्यांना मागे तानपुऱ्याला बसवलं होतं. गाणं छान चाललेलं. मध्येच तानपुऱ्याची खुंटी सैल झाली आणि पंचमाची तार उतरायला लागली. त्यांना कळलं, पण चालू गाण्यात खुंटी पिळायचं धाडस झालं नाही. त्या तशाच वाजवत राहिल्या. समोर पहिल्या रांगेत बसलेल्या गुरुजींनी त्यांच्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. आणि गाणारा थांबला. पुन्हा सुरू करून बघितलं, जमलं नाही, आणि तो उठून आत गेला. त्यानंतर तो कधी गायला नाही. बाई म्हणाल्या, “माझ्यामुळे एका माणसाचं गाणं गेलं. मला त्यांची माफी मागायची होती, पण ते कुठे गेले ते कोणी सांगितलं नाही. म्हणून मी खरा तानपुरा वापरत नाही. पेटीची तार उतरत नाही.”

मग त्यांनी गाणाऱ्याचं नाव सांगितलं. काकांचंच नाव, आडनावासकट.

परतताना मी कळव्याला उतरायचं विसरलो आणि थेट ठाण्याला गेलो. मग तसाच चालत नौपाड्यात. मला एवढंच कळत होतं की एका माणसाची सगळ्यात वाईट चौदा मिनिटं मी सकाळी आठ वाजता त्याच्याच शेजारपाजाऱ्यांना ऐकवली होती आणि शेवटी वर घोषणाही केली होती.

या वेळी काकांनी दार उघडलं. मी चप्पल काढतोय तोवर ते म्हणाले, “देशकार म्हणालास. म्हणजे तुलाही ऐकू आलं.”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मी त्यांना ते सांगायला लागलो. सकाळ होती, तुम्हीच भूप नको म्हणालात, प्रश्नचिन्ह होतं, मी नुसता अंदाज केला. त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या डोक्यात ती संध्याकाळ वेगळीच होती. ते भूप गात होते आणि गाता गाता धैवतावर रेंगाळायला लागले. एकदा, दोनदा. समोर गुरुजींनी मान हलवली, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण देशकारात शिरलोय, सगळ्या सभागृहासमोर, आणि आता परत जायची वाट दिसत नाही. स्वर तर तेच होते. कुठून बाहेर पडायचं? ते थांबले. चाळीस वर्षं त्यांनी स्वतःला समजावलं की तसं झालं नसेल, आपण घाबरलो इतकंच. आणि आता रेडिओने सांगितलं, तो देशकार होता.

मी म्हटलं, काका, रेडिओ म्हणजे मी. मला भूप माहीत नाही, देशकारही माहीत नाही.

ते पलंगावर बसले. मग एकदम विचारलं, “मी थांबल्यावर तू बंद का नाही केलंस?”

“मला वाटलं तसंच असतं.”

“पुन्हा सांग.”

“मला वाटलं, तुम्ही थांबलात ते गाण्यातलंच आहे. आता तबल्याची पाळी आहे.”

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. बराच वेळ पुसत होते. मग विचारलं, पोहे खाणार का? मी हो म्हटलं. त्यांनी केले, आम्ही दोघांनी खाल्ले.

पोहे झाल्यावर मी डोंबिवलीच्या बाईंचं सांगितलं. तार, खुंटी, गुरुजींची मान, माफी, सगळं. काका ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, तानपुऱ्याला कोणी मुलगी होती का? मला आठवत नाही. पण येऊ दे त्यांना. मला वाटलं होतं ते चकित होतील, हलके होतील, किंवा चिडतील तरी. त्यांना ती मुलगी आठवतच नव्हती. घरी जाताना मी कळव्याच्या पुलावर रिक्षात बसून विचार करत होतो की हे बाईंना सांगायचं की नाही. सांगितलं तर त्यांचं ओझं उतरेल की आणखी वाईट वाटेल, मला ठरवता येईना. मी सांगितलं नाही. नुसतं कळवलं की ते भेटायला तयार आहेत.

पुढच्या शनिवारी बाई आल्या. खारी बिस्किटांचा पुडा आणि हातात छत्री, ऊन होतं म्हणून. काका दारापर्यंत गेले, नमस्कार केला, या बसा म्हणाले. दोघंही एकमेकांना अहो-जाहो करत होते आणि दोघंही माझ्याकडे बघून बोलत होते. बाईंनी माफी मागायला सुरुवात केली, तर काका म्हणाले, आधी ऐकू या. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला.

गाणं थांबलं त्या जागेच्या अलीकडे काकांनी हात वर केला. इथे, म्हणाले, हा धैवत बघा, किती थांबलोय. बाई म्हणाल्या, धैवत राहू दे, खाली ऐका, तार उतरलीय, बिचारा गाणारा कशाच्या आधाराने गाणार? मी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. काका म्हणाले, गुरुजींनी माझ्याकडे बघून मान हलवली. बाई म्हणाल्या, तुमच्याकडे नाही हो, माझ्याकडे, तुमच्या खांद्यावरून. ते मान्य करेनात. एका क्षणी काकांनी ती ओळ स्वतः म्हणून दाखवली, कुठे चुकलं ते दाखवायला. आवाज फाटका आला. बाईंनी लगेच तीच ओळ म्हटली, हा भूपच आहे हे दाखवायला. मला दोन्ही ओळी एकसारख्याच वाटल्या.

मग दोघंही माझ्याकडे वळले. बाई म्हणाल्या, तू सांग, तुझा कान कोरा आहे. मी हेडफोन लावले आणि डोळे मिटून ऐकलं, खरंच मन लावून. धैवत कुठला ते कळलं नाही. तार उतरलेली कळली नाही. पण माइकच्या अगदी जवळ काहीतरी वाजत होतं, बारीक, मध्येमध्ये. मी दोनदा ऐकून खात्री केली.

“बांगड्या वाजतायत,” मी म्हटलं.

काकांनी हेडफोन मागून घेतले. ऐकलं. मग विचारलं, ती कॅसेट आणलीयस का? माझ्या बॅगेत होती. त्यांनी ती घेतली, खिडकीपाशी नेली आणि त्या गोल अक्षराकडे बघत राहिले. हे हिचं, माझ्या बायकोचं अक्षर आहे, म्हणाले. हिने रेकॉर्ड केलं होतं, मला माहीतच नव्हतं. त्यांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. पत्नीला गाण्यातलं काही कळत नव्हतं असं ते म्हणाले. त्या संध्याकाळी घरी येताना त्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं की यापुढे या विषयावर बोलायचं नाही. आणि ती बोलली नव्हती. कॅसेट ठेवली होती, नाव लिहिलं होतं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं, आणि कपाटावर ठेवून दिली होती.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनीच चहा केला, साखर कुठे आहे तेही विचारलं नाही. मी लॅपटॉप बंद करू की राहू दे या विचारात बसून होतो.

त्यानंतर मी बोलावलं नाही तरी बाई येत राहिल्या. महिन्यातून एक शनिवार, मग दोन. त्या आल्या की काका आणि त्या तासन्तास वाद घालायचे आणि मला मध्ये काही विचारायचे नाहीत. पुढे काका डोंबिवलीला जायला लागले, बाईंच्या मुलींना ऐकायला. पहिल्या वेळेला मीच त्यांना घेऊन गेलेलो. एका मुलीला त्यांनी इतकं बारीक काहीतरी सांगितलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर दटावलं. गुरुवारी साडेआठचा फोन कधी यायचा, कधी नाही. आला तरी दोनच चुका सांगायचे. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटायचं. आणि वाईट वाटतं याचं नवल वाटायचं, कारण मी तर हा कार्यक्रम चुकून घेतलेला.

तिसऱ्या वर्षी शेवटच्या कार्यक्रमात मी मॅडमना न विचारता एक दुरुस्ती सांगितली. गेल्या वर्षी एका गुरुवारी मी देशकार म्हणून जे लावलं, ते भूप होतं असं एका जाणकारांचं म्हणणं आहे, गाणाऱ्याचं म्हणणं वेगळं आहे, आणि मला माहीत नाही. मॅडम नंतर म्हणाल्या की निवेदकाने श्रोत्यांना माहीत नाही असं सांगायचं नसतं. मी सॉरी म्हटलं. त्यांनी मला एक पुस्तक भेट दिलं, विज्ञानकथांचं.

आता मी डोंबिवलीलाच एका पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करतो. गेल्या गुरुपौर्णिमेला बाईंनी घरी बोलावलं होतं. मुली गायल्या. काका भिंतीला टेकून खुर्चीत बसलेले, आता त्यांना खाली बसता येत नाही. शेवटी बाईंनी सगळ्यांसमोर त्यांना म्हटलं, आज तुम्ही गा. मुलींनीही आग्रह केला. कोणीतरी तानपुऱ्याची पेटी त्यांच्याजवळ सरकवली. काकांनी पेटीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग हसून हात जोडले आणि म्हणाले, नको, खिचडी गार होतेय. बाईंनी पेटी बंद केली. सगळे उठले.

मी घरी आलो तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. तिला काकांची सगळी गोष्ट माहीत होती.

“मंग, गायले का नाय ते?” तिने विचारलं.

मी म्हटलं, नाही. मग तुला वाईट वाटलं असेल, ती म्हणाली. मी हो म्हणणार होतो. पण काका खिचडीची दुसरी वाटी घेताना बाईंशी कशावरून तरी पुन्हा भांडत होते, आणि दोघंही मजेत दिसत होते, ते मला आठवलं. मी तिच्या शेजारी बसलो आणि मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढली.